मापकाकांची सागाची पट्टी

मापकाकांना खऱ्या नावानं हाक मारू शकेल असं आता एकच माणूस उरलं होतं, त्यांची बायको. आणि ती त्यांना "अहो" म्हणायची. बाकी लहानथोर सगळ्यांचे ते मापकाका. गोल्फच्या मैदानाच्या मागच्या फाटकाला लागून त्यांची एक लांबट खोली होती. एका अंगाला कामाचं टेबल, टेबलावर दांडा आवळून धरणारा शेगडा, वर भिंतीत फळी, फळीवर गोंदाचे डबे आणि रबरी मुठींची खोकी. समोरची भिंत मात्र मोकळी. त्या भिंतीवर सागाची एक पट्टी ठोकलेली होती. जमिनीपासून दोन फुटांवर ती सुरू व्हायची आणि माणसाच्या डोक्याच्याही वर जायची. तिच्यावरचे आकडे काकांनी स्वतः रंगवले होते, तीस वर्षांपूर्वी, हात थरथरत नव्हता तेव्हा.

मोठ्या माणसांच्या गोल्फच्या काठ्यांना नव्या मुठी चढवणं, वाकलेला दांडा बदलणं, हे त्यांचं रोजचं काम. पण नाव झालं होतं ते मुलांच्या काठ्यांमुळे. वाढत्या मुलाला त्याच्या अंगाची काठी करून द्यावी ती मापकाकांनीच, असं दुसऱ्या मैदानांवरचे लोकही म्हणत. बूट काढायचे, मोजेही काढायचे, टाचा भिंतीला, नजर समोर. मग काका डोक्यावर लाकडी ठोकळा ठेवत आणि पट्टीवरचा आकडा मोठ्यानं वाचत. नंतर हात खाली सोडायला लावून मनगटाची उंचीही त्याच पट्टीवर बघत. दर सहा महिन्यांनी पुन्हा यायचं. वाढ झाली असेल तर काठी बदलायची, नसेल तर तशीच परत न्यायची.

आईबापांशी त्यांची भांडणं ठरलेली असत.

"काका, जरा वाढत्या अंगाची करा की. दोन वर्षं तरी जाईल."

"गणवेश आहे का हा? खाली दुमडून शिवायला आणि पुढच्या वर्षी उसवायला?" काका विचारत. "लांब काठी दिली की पोर चेंडूपासून लांब उभं राहतं, ताठतं, आणि झाडू मारल्यासारखं फिरवतं. काठीच्या डोक्याची टाच, म्हणजे दांड्याकडची बाजू, जमिनीत घुसते, चेंडू जातो डावीकडे. पुढच्या वर्षी तुम्ही काठी बदलाल हो, सवय कशी बदलाल?"

एखादा बाप स्वतःची जुनी काठी कापून मागायचा. त्याला ते म्हणत, "कापून आखूड होईल, लहान नाही व्हायची. डोकं बापाचं आणि दांडा पोराचा. उचलायची कोणी, तुम्ही की त्यानं?"

लोक हसत आणि ऐकत. काकांच्या शब्दाला वजन होतं, आणि ते वजन काकांना ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांनी खोलीची जमीन नवी करून घेतली. जुनी फरशी ठिकठिकाणी फुटली होती. फरशीवाला म्हणाला, "उकरावी लागेल. आठ-दहा दिवस खोली बंद."

"उकरायचं काही नाही," काका म्हणाले. "वरूनच घाल. चार दिवसांत मोकळा हो."

"जमीन दोन इंच वर येईल, काका."

"येऊ दे. मी काय वाकून चालायला लागणार आहे?"

चार दिवसांत काम झालं. दार अडकायला लागलं म्हणून सुताराला बोलावून ते खालून दोन इंच कापून घेतलं. कापताना काका स्वतः शेजारी उभे होते. दाराचा पडलेला तुकडा त्यांनी उचलला, न्याहाळला आणि रंगाच्या डब्यांखाली टेकण म्हणून सरकवला. टेबलावरची फळी हाताला जवळ आली, तेही त्यांना बरंच वाटलं. पट्टीकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. ती जमिनीला टेकलेलीच नव्हती, त्यामुळे तिला नव्या फरशीचा धक्काही लागला नाही. जिथे होती तिथेच ती राहिली.

त्यानंतर जे जे मूल मापाला आलं ते भरपूर वाढलेलं निघालं.

"यंदा पोरांनी काय उंची घेतलीय!" काका आईबापांना सांगत. आईबापांचा ऊर भरून येई. "आमच्याकडे सगळे उंचच," असं कोणी म्हणे, कोणी दुधाला श्रेय देई. एके दिवशी काकांनी सहज स्वतःलाही मापलं. पाच फूट सहा! पाच वर्षांपूर्वी ते पाच साडेचार होते. सकाळी दाराच्या चौकटीवरच्या दांडीला लोंबकळायची कसरत ते नेमानं करत. तिचंच हे फळ, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि भेटेल त्याला सांगत सुटले.

काकू तेवढ्या म्हणाल्या, "सहासष्टाव्या वर्षी उंची वाढतेय. स्थळं बघायला घेऊ का पुन्हा?"

"जळता तुम्ही," काका म्हणाले. खुशीत असले की ते बायकोला अहोजाहो करत.

त्याच सुमारास एक मुलगी त्यांच्याकडे आली. मैदानावर रविवारी सकाळी शाळेतल्या मुलांना फुकट शिकवत, त्यांतली ही. वय नऊ, अंगानं बारीक. सगळे तिला पिटुकली म्हणत. तिची आई बाजाराच्या रस्त्यावर शिवणकामाचं छोटं दुकान चालवायची. पिटुकलीच्या काठ्या काकांनी जुन्या मुलांच्या काठ्यांमधून जमवून, नीट करून दिल्या होत्या, आणि त्या कामाला त्यांनी कधी हयगय केली नव्हती. मुलीला खेळाची समज होती. प्रशिक्षक म्हणायचे, "हिच्या मनगटात काहीतरी आहे." वर्षाच्या शेवटी सहा मुलं निवडायची होती. निवडलेल्यांना वर्षभर रोज शिकवणार, बाहेरच्या स्पर्धांना नेणार. पिटुकली त्यांत येणार हे जवळजवळ ठरल्यासारखंच होतं.

निवडीच्या आधी सहा महिन्यांचं माप घ्यायला ती आईबरोबर आली. खोलीत आणखी तीन-चार आईबाप मुलांना घेऊन बसले होते. काकांनी ठोकळा ठेवला आणि आकडा वाचला.

"चार फूट पाच."

"चार तीन असेल, काका," शिवणवाल्या बाई म्हणाल्या.

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय म्हणालात?"

"चार फूट तीन. परवाच मापलंय मी. शाळेच्या नाटकात ती झाड झालीय, डोक्यापासून टाचेपर्यंत शिवायचं होतं. दोनदा मापलं."

"बाई," काका म्हणाले, आणि बसलेल्या लोकांकडे एकवार पाहून घेतलं, "तुमचा टेप कापडाचा. ओढला की वाढतो, सोडला की आटतो. शिवाय झाडाला काय, वीतभर इकडेतिकडे चालतं. माझी पट्टी सागाची आहे, भिंतीत ठोकलेली. तीस वर्षं जागची हललेली नाही."

लोक हसले. बाईंचा चेहरा लाल झाला. त्यांच्या गळ्यात टेप तसाच लोंबत होता, दुकानातून उठून आल्या होत्या ना. त्यांनी तो काढून मुठीत गुंडाळला आणि पिशवीत टाकला. काकांनी काठ्या चार पाचच्या हिशेबानं आणखी लांब करून दिल्या.

तीन आठवड्यांनी प्रशिक्षकांनी काकांना मैदानावर बोलावलं. रविवारची सकाळ, सगळी मुलं रांगेत, कडेला आईबाप.

"काका, हिच्या काठ्या एकदा बघता का? चेंडू सारखा डावीकडे जातोय. आधी असं नव्हतं."

काकांनी पिटुकलीच्या हातातली काठी घेऊन उलटी केली. तळ टाचेच्या बाजूला घासला होता, पुढचा भाग कोरा होता. काठी लांब झाली की तळ नेमका असाच झिजतो. हे त्यांनी शंभरदा लोकांना समजावून सांगितलं होतं. पण पट्टी हलली नव्हती, मग काठी लांब कशी असेल? त्यांनी काठी परत दिली आणि रांगेच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"काठ्या बरोबर आहेत. पोरीलाच नीट उभं राहता येत नाही."

पिटुकली कानापर्यंत लाल झाली आणि एकदम ताठ उभी राहिली. नंतरचे पाचही चेंडू तिनं चुकवले. निवडीत तिचं नाव आलं नाही. महिनाभर ती येत राहिली. उभं राहताना पाय पुढे सरकवायची, मागे घ्यायची, पुन्हा पुढे सरकवायची. मग यायची थांबली. काका काकूंना म्हणाले, "पोर गुणी होती, पण शिस्त नाही."

याला वर्ष झालं.

एका मंगळवारी काका कंबर धरली म्हणून दवाखान्यात गेले. तिथल्या नर्सनं आधी वजन घेतलं, मग उंची.

"पाच फूट चार."

"पाच सहा," काका म्हणाले.

"पाच चार आहे, काका."

"पुन्हा बघा. तुमचं यंत्र सरकलं असेल."

नर्सनं पुन्हा पाहिलं. "पाच चारच. त्यात काय एवढं, वयानं माणूस थोडा आखडतोच."

"मी आखडलो नाही, वाढलोय!" काका इतक्या जोरात म्हणाले की बाकावरचे पेशंट वळून पाहायला लागले. "माझ्याकडे सागाची पट्टी आहे. मापाचाच धंदा आहे माझा."

नर्स नुसती हसली, लहान मुलाकडे बघून हसतात तशी.

कंबर तशीच धरून काका खोलीवर आले. ठणकावून सांगायचंच, अशा इराद्यानं त्यांनी लोखंडी टेप काढला. पट्टीचं खालचं टोक जमिनीपासून चोवीस इंचांवर असायला हवं. चोवीस इंचांवरच त्यांनी ते ठोकलं होतं. टेपाचं टोक फरशीला लावलं, वर सरकवलं आणि वाकून वाचलं.

बावीस.

त्यांनी टेप गुंडाळला, पुन्हा लावला. बावीस. मग ते रंगाच्या डब्यांपाशी गेले. खालचा लाकडाचा तुकडा बाहेर ओढला, त्याची रुंदी मापली. दोन इंच. तुकडा हातात घेऊन ते स्टुलावर बसले.

पट्टी हलली नव्हती. जमीन वर आली होती. जे मूल त्या फरशीवर उभं राहिलं ते दोन इंच उंच ठरलं, आणि त्याला दोन इंच मोठ्या मुलाची काठी मिळाली. लांब काठी देणाऱ्या आईबापांना जन्मभर झाडणाऱ्या माणसानं दोन वर्षं एकूण एक मुलाला लांब काठी दिली होती. मापांची वही त्यांनी उघडली. फरशीनंतरची एक्केचाळीस मुलं निघाली. त्यांतल्या एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. चार फूट पाच. पुढे त्यांच्याच अक्षरात शेरा होता, आईचा वाद.

दोनदा मापलं, असं म्हणाली होती ती बाई.

त्यानंतर काकांनी जे केलं ते त्यांनी आपणहून कोणाला सांगितलं नाही. त्यांनी दार लोटून घेतलं, पट्टीचे स्क्रू काढले आणि ती दोन इंच वर चढवून पुन्हा ठोकली. तिच्या खालच्या टोकाशी भिंतीवर दोन इंचांचा कोरा पट्टा उघडा पडला. तीस वर्षांत रंग न लागलेला, पट्टीएवढा रुंद, पांढरा पट्टा. त्यांनी त्यावर कॅलेंडर टांगलं. कॅलेंडर फार खाली झालं, वाचायला कंबरेत वाकावं लागे. पण झाकलं गेलं.

दोन दिवसांनी एक आठ वर्षांचा चष्मेवाला मुलगा आईबरोबर सहा महिन्यांच्या मापाला आला. टाचा भिंतीला, ठोकळा डोक्यावर.

"चार फूट एक," काका हळूच म्हणाले.

"मागच्या वेळी चार दोन होता ना?" आई म्हणाली.

"काका, मी बुटका झालो?" मुलानं विचारलं.

काकांनी ठोकळा पुसायला घेतला. "मागच्या खेपेला बूट घालून उभा होतास तू."

"नाही. मी मोजेपण काढले होते. तुम्हीच म्हणालात काढ."

"नव्हते काढलेस."

"काढले होते! माझ्या मोज्याला भोक होतं, तुम्ही हसलात!"

"अरे, मोठ्यांना उलटून बोलू नये," आई मुलाला म्हणाली. "मापकाका कशाला खोटं बोलतील?"

 चष्म्यामागे मुलाचे डोळे भरले. नेमक्या त्याच वेळी काकू डबा घेऊन दारात उभ्या होत्या. कधीपासून, ते काकांना कळलं नाही. मायलेक गेल्यावर त्यांनी डबा टेबलावर ठेवला, पण उघडला नाही.

"कॅलेंडर एवढ्या खाली कोणासाठी लावलंय? मांजर वाचणार आहे का?"

 काकूंनी खाली वाकून कॅलेंडर उचलून पाहिलं. मग वर बघून पट्टी पाहिली, खाली फरशी पाहिली. दोन वर्षांपूर्वी दार कापल्यावर लाकडाचा भुसा त्यांनीच झाडला होता.

"अहो," त्या वाकल्या वाकल्याच म्हणाल्या, "पोराला खोटं पाडलंत?"

"तुला काय कळतंय त्यातलं."

"मापातलं नाही कळत. भोकाचा मोजा मला तुम्हीच सांगितला होतात. जेवताना हसत होतात."

काकांनी मान खाली घातली. मग हळूहळू सगळं सांगितलं, दवाखाना, लोखंडी टेप, एक्केचाळीस मुलं. मग शिवणवाल्या बाईंवर आले. त्यांच्या झाडाच्या कपड्याची थट्टा केली ते सांगितलं. पण मैदानावर काय बोलले ते मात्र गाळलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं.

"आणि मैदानावर तिच्या पोरीला काय म्हणालात?" त्यांनी विचारलं. "ते मला चार घरी ऐकायला मिळालं होतं. मी म्हटलं, बरोबरच असेल, मापकाका ना ते."

त्या दिवशी डबा तसाच परत गेला.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला काका बाजाराच्या रस्त्यावर गेले. हातात एक पॅन्ट होती. खालून थोडी दुमडून हवी, असं सांगायचं ठरवलं होतं. रिकाम्या हातानं जायचा धीर होत नव्हता. दुकानात दोन बायका बसल्या होत्या. शिवणवाल्या बाईंनी मशीनवरून मान वर केली, ओळखलं आणि पाय थांबवला.

"या, काका. काय करायचंय?"

"उंची कमी करायचीय."

"घाला तिथे, मापते."

"असू दे, नंतर. यांचं होऊ दे आधी," काका म्हणाले आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले.

एकीचा ड्रेस तयार होता. तो वर, छताजवळच्या खिळ्याला टांगलेल्या पिशवीत होता. बाईंनी दाराआडून एक काठी काढली, तिचं वाकडं लोखंडी डोकं पिशवीच्या दोरीत अडकवलं आणि पिशवी अलगद खाली उतरवली. काकांनी ती काठी ओळखली. मूठ त्यांनीच चढवली होती, निळी.

"लांब आहे ना," त्यांची नजर पाहून बाई म्हणाल्या, "बरी पडते."

त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, म्हणून जास्तच लागलं. ड्रेसवाली बाई गेली. दुसरी अजून बटणं निवडत बसली होती. ती कधी उठते याची काका वाट पाहत होते. वाट पाहता पाहता आपण कशाची वाट पाहतोय ते त्यांच्या ध्यानात आलं. हसवलं होतं तेव्हा खोली भरलेली होती. आता मात्र त्यांना दुकान रिकामं हवं होतं.

ते उठून उभे राहिले.

"बाई, पॅन्टचं काही नाही. तुम्ही चार तीन म्हणाला होतात. चार तीनच होती ती. माझी फरशी दोन इंच वर आली होती आणि मला दोन वर्षं पत्ता नव्हता. तुमचा टेप बरोबर होता. मी तुम्हाला चार लोकांत हसलो."

बटणांवाली बाई बघतच राहिली. शिवणवाल्या बाईंनी मशीनवरचं कापड सरळ केलं, पुन्हा सरळ केलं.

"मला हसलात ते सोडा," त्या शेवटी म्हणाल्या. "आमच्या धंद्यात गिऱ्हाईक रोज हसतं. ती यायची वेळ झालीय. तिलाच सांगा."

पिटुकली दप्तर घेऊन आली. वर्षात बरीच बदलली होती, चेहरा लांबट झाला होता. काकांना पाहताच ती दारातच थांबली आणि आपोआप ताठ झाली. काकांना ते दिसलं. त्यांनी तिलाही सगळं सांगितलं, फरशीपासून.

ती लक्ष देऊन ऐकत होती. "म्हणजे मी नीट उभी राहत होते?"

"नीट उभी राहत होतीस. माझी काठीच राहू देत नव्हती."

"मी सांगितलं होतं तुला," ती आईला म्हणाली. मग पुन्हा काकांकडे वळली. "पण तुम्ही काठी उलटी करून बघितली होती."

"बघितली होती. तळ टाचेकडे घासलेला दिसलासुद्धा. पण मला वाटलं, माझं चुकत नाही."

"तुम्ही सगळ्यांसमोर म्हणाला होतात."

"अगं, मोठे आहेत ते—" आई म्हणाली.

"बोलू द्या तिला," काका म्हणाले.

"मग सगळ्यांसमोरच सांगा."

"सांगतो. या रविवारी." आणि मग धीर करून ते म्हणाले, "तुझं माप घेऊ का? बाई, तुमच्या टेपानं, तुम्हीच घ्या."

बाईंनी लेकीला दाराच्या चौकटीला उभं केलं, टाचा मागे, खडूनं खूण केली, टेप लावला. त्या वाचायच्या आधीच काकांना आकडा कळला होता. "चार फूट पाच," बाई म्हणाल्या.

म्हणजे दाराआडच्या काठ्या आज तिच्या मापाच्या झाल्या होत्या. अगदी तंतोतंत. वाढत्या अंगाच्या काठ्या मागणारे बाप जे म्हणायचे तेच घडलं होतं. फक्त मधल्या वर्षात खेळ निघून गेला होता. हेही काकांना सांगावं लागलं. पिटुकलीनं निळ्या मुठीची काठी घेतली आणि कापडाच्या चिंध्यांमध्ये जागा करून उभी राहिली. उभं राहण्याआधी तिनं काकांकडे पाहिलं. पाय पुढे सरकवले, मागे घेतले, पुन्हा पुढे सरकवले.

"बरोबर आहे," काका म्हणाले.

तिनं पुन्हा पाय हलवले. तिचा विश्वास बसलेला नव्हता. मग काठी दाराआड ठेवून ती म्हणाली, "आई, पिशव्या काढायलाच बरी आहे ही."

रविवारी काका मैदानावर गेले. प्रशिक्षकांनी मुलांना बसवलं, आईबापांना जवळ बोलावलं. काकांनी घरी चार वाक्यं तयार केली होती. त्यांतली दोन आठवली. फरशीचं सांगितलं, मापांचं सांगितलं. मग म्हणाले, "मागच्या वर्षी इथे उभा राहून मी एका मुलीला म्हणालो, तिला नीट उभं राहता येत नाही. ते खोटं होतं. चूक माझ्या काठीची होती. आणि परवा मी एका मुलाला म्हणालो, तू बूट घातले होतेस. तेही खोटं."

"बघ! मी म्हटलं होतं!" चष्मेवाला मुलगा बसल्या जागी ओरडला. त्याच्या आईनं त्याचा दंड धरला, पण गप्प केलं नाही.

कोणी रागावलं, कोणी काठ्या आजच बदलून मागितल्या. एक बाप हसून म्हणाला, "असू द्या हो काका, पोरगा वाढलाच आहे तेवढा." तो एकटाच माफ करत होता आणि त्याचंच बोलणं काकांना ऐकवेना. प्रशिक्षकांनी मुलांकडे पाहिलं. मग एवढंच म्हणाले, "मीही डोळे मिटून तुमच्या शब्दावर गेलो. यादी मी केली होती."

शिवणवाल्या बाई आणि पिटुकली कुंपणापलीकडे रस्त्यावर उभ्या होत्या. काकांचं बोलणं संपेपर्यंत थांबल्या. काकांनी तिकडे पाहिलं तेव्हा त्या वळून चालू लागल्या होत्या. मुलीनं मागे वळून पाहिलं नाही. पण ती ताठून चालत नव्हती, एवढं काकांच्या सरावाच्या नजरेला दिसलं. ते किती खरं धरायचं, हे त्यांना कळेना. त्यांच्या नजरेवर त्यांचाच भरवसा उरला नव्हता.

एक्केचाळीस मुलांच्या काठ्या नीट करायला पावणेतीन महिने लागले. कॅलेंडर उतरलं. कोरा पट्टा तसाच ठेवला, त्यावर रंग लावला नाही. मुलं विचारतात, "काका, हे पांढरं काय?" काका सांगतात. पहिल्या काही वेळी सांगताना ते हातातला ठोकळा पुसत राहायचे. अजूनही पुसतात. मापाच्या दिवशी खोली उघडली की ते आधी गुडघ्यावर बसून पट्टीचं खालचं टोक मापतात. चोवीस भरलं की मगच पहिलं मूल आत घेतात.

खोलीच्या कोपऱ्यात एक लहान पिशवी उभी आहे. तिच्यात चार काठ्या, मुठी निळ्या. दर सहा महिन्यांनी काका बाजाराच्या रस्त्यानं जातात. दुकानात जात नाहीत, पायरीवर उभे राहतात. बाई मशीन थांबवत नाहीत. मान न वळवता मशीनच्या आवाजावर आवाज चढवून आकडा सांगतात; गेल्या खेपेला, "चार फूट सहा." काका मान हलवतात, खोलीवर येतात, वहीत आकडा लिहितात आणि त्या चार काठ्यांचे दांडे बदलतात. न्यायला अजून कोणी आलेलं नाही.